डोनिट्झला फक्त दहा वर्षं का? पाणबुड्या, व्यापारी जहाजं आणि एका निकालाची गोष्ट

६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' नावाच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. तीन खलाशी गेले. उरलेल्या २१ जणांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवलं, त्यांत एक भारतीय होता. कोकणात आणि गोव्यात ज्या घरांतला कुणी ना कुणी 'बोटीवर' आहे, त्या घरांत अशी बातमी आली की आधी जहाजाचं नाव विचारतात आणि मग, जीव भांड्यात पडल्यावर, दुसरा प्रश्न येतो: लढाईशी संबंध नसलेल्या जहाजावर असा हल्ला कायद्यात बसतो तरी का?

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला खटला १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला चालला, दुसऱ्या महायुद्धातल्या विजेत्यांनी नाझी पुढाऱ्यांसाठी भरवलेल्या कोर्टात. आरोपी होता जर्मन नौदलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ. त्याच्या पाणबुड्यांनी तीन हजारांच्या घरात जहाजं बुडवली, शेवटी हिटलरने त्यालाच आपला वारस नेमलं आणि शिक्षा झाली ती दहा वर्षांची. ज्यांना दोषी ठरवलं गेलं त्यांच्यातली ही सर्वांत कमी शिक्षा. त्यामुळे 'कोर्टालाही त्याच्यात फारसं काही सापडलं नाही' असं आजही लिहिलं जातं. मला हे वाचन चुकीचं वाटतं. ते का, हे कळायला निकाल नीट वाचावा लागतो आणि निकाल कळायला पाणबुडी कळावी लागते.

आधी एक पहाट: ४ ऑक्टोबर १९१८

डोनिट्झचा जन्म १८९१ चा, बर्लिनजवळच्या ग्र्युनाऊचा. १९१० मध्ये तो नौदलात भरती झाला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो 'ब्रेस्लाऊ' या क्रूझरवर होता. ब्रिटिशांना चुकवून इस्तंबूलला पोचलेलं आणि तिथे तुर्की झेंड्याखाली गेलेलं हेच ते जहाज. १९१६ च्या अखेरीस त्याला पाणबुड्यांकडे धाडलं गेलं आणि दोन वर्षांत त्याच्या हाती स्वतःची बोट आली.

त्या रात्री त्याची 'यूबी-६८' भूमध्य समुद्रात होती. आणखी एका पाणबुडीबरोबर मिळून ताफ्यावर हल्ला करायचा बेत ठरला होता, पण दुसरी बोट वेळेवर आलीच नाही. डोनिट्झ एकटाच पुढे गेला. त्याने 'ऊपॅक' नावाचं जहाज बुडवलं आणि पुन्हा हल्ला करायला बुडी मारली. इथे बोटीचा तोल गेला. नाक खाली करून ती सरळ खोल जाऊ लागली, जितकं खोल जायला ती बांधली होती त्याच्याही पुढे. टाक्यांमधलं पाणी बाहेर ढकलण्यासाठी दाबाची हवा सोडली तेव्हा ती थांबली आणि मग बुचासारखी उसळून वर आली, ती थेट शत्रूच्या ताफ्याच्या मधोमध. उजाडलं होतं. चहूकडून तोफा सुरू झाल्या. पुन्हा बुडी मारायला हवा उरली नव्हती. बोट सोडावी लागली. ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिच्यात पाणी सोडायला खाली गेलेला इंजिनीअर तिच्याबरोबरच गेला. डोनिट्झ युद्धकैदी झाला.

त्या एका रात्रीत त्याच्या पुढच्या आयुष्याचं बीज होतं. ताफ्यावर एकट्याने जायचं नाही, घोळक्याने जायचं, आणि शक्यतो रात्री, पाण्यावरून.

जहाजं बुडवून देश कसा हरतो?

ब्रिटन हे बेट. तेव्हा त्यांच्या अन्नापैकी बराच मोठा हिस्सा, आणि तेल तर जवळजवळ सगळंच, समुद्रावरून यायचं. म्हणजे त्या देशाला गुडघ्यावर आणायला लंडन जिंकायची गरज नव्हती, बोटी थांबवल्या की झालं.

इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. वर नळ चालू आहे, खाली तळाला भोक पडलंय. टाकी रिकामी होईल की नाही हे भोकाच्या आकारावर ठरत नाही. नळातून येतंय किती आणि भोकातून जातंय किती, यावर ठरतं. नवी जहाजं म्हणजे नळ, बुडालेली जहाजं म्हणजे भोक. डोनिट्झचं सगळं गणित एवढंच होतं: महिन्याला बांधली जातात त्याहून जास्त बुडवा. जहाज कुठे बुडालं, त्यात काय भरलं होतं, ते रिकामं परत निघालं होतं का, या गोष्टी दुय्यम. याला 'टनेजचं युद्ध' म्हणतात, कारण जहाजाचं आकारमान टनांत मोजतात आणि हिशेब टनांत ठेवला जायचा.

हिशेब टनांत ठेवला की जहाजावरची माणसं हिशेबातून आपोआप बाहेर पडतात. त्या जहाजांवर ब्रिटिश होते, नॉर्वेजियन होते, चिनी होते आणि आपलेही हजारो होते. मुंबईहून आणि कलकत्त्याहून भरती झालेले, इंजिनात कोळसा टाकणारे, डेकवर राबणारे, स्वयंपाकघरात आणि केबिनमध्ये काम करणारे. इंग्रज कंपन्या त्यांना 'लस्कर' म्हणत. डेकवर आणि इंजिनात काम करणाऱ्यांत आपल्या कोकणातले होते, केबिनच्या कामाला बरेचसे गोव्याचे. दुसऱ्या महायुद्धात यांच्यातले सहा हजारांहून अधिक मेले.

पाणबुडी म्हणजे 'पाण्याखालचं जहाज' नव्हे

आज अणुपाणबुडी महिनोन् महिने खाली राहते. तेव्हाची तशी नव्हती. डोनिट्झची मुख्य बोट 'टाइप सात-सी'. लांबी ६७ मीटर, आत पन्नासेक माणसं आणि १४ टॉर्पेडो. पाण्यावर ती डिझेल इंजिनावर चालायची, ताशी १७ सागरी मैलांच्या वर. पाण्याखाली डिझेल चालत नाही, हवा लागते. तिथे बॅटरी.

लाइट गेली की घरातला इन्व्हर्टर काय करतो? पंखा आणि दोन दिवे चालतात, पाण्याचा पंप लावला की संपलं. पाणबुडीचं तेच. बॅटरीवर सावकाश, ताशी चार मैलांनी, ती ८० मैल जायची. जोरात पळवली तर तासाभरात गारद. मग बॅटरी भरायला पाण्यावर येणं भाग. म्हणजे ती खरं तर गरज पडली तर बुडी मारू शकणारी बोट होती. पाण्यावर असताना तिच्यासारखी दुबळी वस्तू नाही: पातळ कवच, एखादी तोफ, शत्रूचा एक गोळा बसला की बुडी मारणं कायमचं बंद.

आता कायदा बघा. व्यापारी जहाजाबाबत जुने 'पकडीचे नियम' होते. जहाज थांबवा, कागदपत्रं तपासा, शत्रूचा माल असेल तर जप्त करा, बुडवायचंच झालं तर आधी माणसांना सुरक्षित ठिकाणी हलवा. १९३६ मध्ये लंडनला झालेल्या करारात हेच नियम पाणबुड्यांना लागू असल्याचं पुन्हा लिहिलं गेलं, आणि खवळलेल्या भर समुद्रातली छोटी होडी म्हणजे 'सुरक्षित ठिकाण' नव्हे हेही. जर्मनीनेही तो मान्य केला.

पण पाणबुडीत पन्नास माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, ती आणखी शंभर जणांना कुठे ठेवणार? आणि थांबवायला पाण्यावर यावं तर समोरच्या जहाजावर तोफ असली की खेळ संपला. नियम पाळला तर पाणबुडी निकामी, पाणबुडी कामाला लावली तर नियम मोडतो. या पेचात डोनिट्झचा सगळा खटला आहे.

जर्मनीला पाणबुड्या बंद होत्या ना?

होत्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन नौदल १५,००० माणसांवर आणलं आणि पाणबुडी पूर्ण वर्ज्य केली. डोनिट्झ १९१९ मध्ये कैदेतून परतला आणि टॉर्पेडो बोटींवर रुजू झाला. चोरून अभ्यास चालूच होता. १९३४ मध्ये तो 'एमडन' या प्रशिक्षण क्रूझरचा कप्तान होऊन आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात येऊन गेला. तो परतेपर्यंत, जून १९३५ मध्ये, ब्रिटनने हिटलरशी करार करून जर्मनीला पाणबुड्यांची मुभा दिली होती. नव्या ताफ्याची सूत्रं डोनिट्झकडे आली.

त्याची मागणी ३०० पाणबुड्यांची होती. १ सप्टेंबर १९३९ ला हातात होत्या ५७, आणि त्यांतल्या निम्म्यासुद्धा अटलांटिकमध्ये दूरवर जाण्याजोग्या नव्हत्या.

ब्रिटनशी युद्ध सुरू झालं त्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, 'यू-३०' ने 'अथेनिया' हे प्रवासी जहाज बुडवलं. शंभरावर माणसं मेली, त्यांत बायका-मुलं होती. जर्मनीने कानांवर हात ठेवले. बोट परतल्यावर डोनिट्झच्या आदेशाने तिच्या नोंदवहीतली नोंद बदलण्यात आली. पुढे न्यूरेंबर्गला त्याने हे कबूल केलं.

लांडगेतोड

पाणबुड्यांपासून बचावाचा उपाय पहिल्या महायुद्धातच सापडला होता: ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय. चाळीस जहाजं एकत्र निघाली तर ती जास्त सहज सापडतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट होतं. पुण्याहून पंढरपूरला चाळीस माणसं सुटी सुटी निघाली तर वाटेवर कुठेही उभं राहा, कुणी ना कुणी दिसेलच. तीच चाळीस माणसं एका दिंडीत गेली आणि दिंडी पुढे निघून गेली की दिवसभर रस्ता रिकामा. अटलांटिकच्या पसाऱ्यात एकटं जहाज आणि चाळीसांचा ताफा, दोन्ही जवळजवळ सारखेच कठीण सापडायला. वर ताफ्याबरोबर राखणीला युद्धनौका असतात.

डोनिट्झने याला उतारा शोधला. पाणबुड्यांची लांब रांग लावायची, गळ टाकल्यासारखी. एकीला ताफा दिसला की तिने हल्ला करायचा नाही, मागे राहून रेडिओवर कळवायचं. किनाऱ्यावरच्या मुख्यालयातून डोनिट्झ बाकीच्यांना तिकडे हाकलणार. सगळ्या जमल्या की रात्री पाण्यावरून, ताफ्याच्या आत शिरून, एकदम. ब्रिटिशांचं सोनार पाण्याखालच्या वस्तू शोधायचं, पाण्यावर अंधारात असलेली बोट त्यात येतच नव्हती. जर्मन याला 'लांडग्यांचा कळप' म्हणत, मराठीत यासाठी 'लांडगेतोड' हा शब्द तयारच आहे.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोरियाँ, ब्रेस्त, साँ-नाझेर ही बंदरं हाती आली. पाणबुड्यांचा अटलांटिकचा रस्ता शेकडो मैलांनी कमी झाला. डोनिट्झने मुख्यालय लोरियाँजवळ आणलं. परतणाऱ्या बोटींना तो धक्क्यावर जाऊन भेटायचा. पोरं त्याला 'कार्लकाका' म्हणायची. ऑक्टोबर १९४० मध्ये 'एससी-७' या ३५ जहाजांच्या ताफ्यातली २० जहाजं बुडाली.

त्याच्या आदल्या महिन्यातलं 'सिटी ऑफ बनारस' मला विसरता येत नाही. बॉम्बवर्षावापासून दूर म्हणून कॅनडाला पाठवलेली ९० इंग्रज मुलं त्यावर होती. १७ सप्टेंबरच्या रात्री वादळात 'यू-४८' चा टॉर्पेडो बसला. ९० पैकी ७७ मुलं गेली. या जहाजाचे बहुसंख्य खलाशी हिंदी होते. एक जीवरक्षक होडी, क्रमांक १२, शोधात निसटली आणि आठ दिवस अटलांटिकवर भरकटत राहिली. तिच्यात ४६ जीव होते: सहा मुलगे, त्यांना रोज रात्री गोष्ट सांगणारी एक बाई आणि तीसहून अधिक हिंदी खलाशी. मुलांच्या कहाण्या पुढे पुष्कळ लिहिल्या गेल्या. त्याच होडीत त्याच थंडीत, तेवढ्याच घोटभर पाण्यावर बसलेल्या आपल्या माणसांची नावं मात्र फार कमी लोकांना सांगता येतील.

मग तो हरला कशामुळे? संकेत फुटले म्हणून?

'एनिग्मा (जर्मनांचं संदेश सांकेतिक करणारं यंत्र) फोडलं आणि युद्ध जिंकलं' हे ऐकायला छान वाटतं, पण अपुरं आहे. डोनिट्झच्या पद्धतीचा कणा होता रेडिओ. बोटींनी सतत बोलायचं, त्याने सतत हुकूम द्यायचे. आता, मोबाइलवर कुणी काय बोलतं हे ऐकू येत नसलं तरी टॉवरवरून तो कुठे आहे हे पोलिसांना कळतं. तसंच इथे झालं. ब्रिटिश युद्धनौकांवर अशी यंत्रं आली की पाणबुडीने वीस सेकंद संदेश पाठवला की तिची दिशा सापडायची, मग संदेश वाचता येवो न येवो.

वाचताही येत होतं, पण अधूनमधून. १ फेब्रुवारी १९४२ ला जर्मनांनी एनिग्मात चौथं चाक बसवलं आणि ब्रिटिशांपुढे जवळपास दहा महिने अंधार झाला. तो हटला ते ऑक्टोबरअखेर भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या 'यू-५५९' मध्ये उतरून संकेतवह्या वर देणाऱ्या खलाशांमुळे. त्यांतले दोघे बोटीबरोबर बुडाले. दरम्यान जर्मनही ब्रिटिशांच्या ताफ्यांचे संकेत वाचत होते, हे लोक विसरतात. आपले संकेत फुटले असतील ही शंका डोनिट्झला पुन्हा पुन्हा आली आणि तज्ज्ञांनी दर वेळी 'शक्यच नाही' असं सांगितलं.

खरा पालट अनेक गोष्टी एकदम जुळल्याने झाला. विमानात बसेल इतकं लहान, पाण्यावरची पाणबुडी अंधारात दाखवणारं रडार आलं. अटलांटिकच्या मधोमध, जिथे आधी विमानं पोचतच नव्हती, तिथे लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आणि छोट्या विमानवाहू नौका आल्या. आणि नळ मोठा झाला: अमेरिकेने एकाच साच्याची 'लिबर्टी' जहाजं २,७०० हून अधिक बांधली. नोव्हेंबर १९४२ मध्ये पाणबुड्यांनी एका महिन्यात शंभराहून अधिक जहाजं बुडवली होती, तरी टाकी रिकामी झाली नाही.

३० जानेवारी १९४३ ला डोनिट्झ सबंध नौदलाचा प्रमुख झाला. मे महिन्यात चाळीसहून अधिक पाणबुड्या गेल्या. १९ मे रोजी 'यू-९५४' सगळ्या माणसांसकट बुडाली. त्यावर त्याचा धाकटा मुलगा पेटर होता. पाच दिवसांनी डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. एक वर्षाने थोरला मुलगा क्लाऊस इंग्लिश किनाऱ्याजवळ मारला गेला.

मात्र त्याने थांबायचं नाव घेतलं नाही. शत्रूची विमानं आणि नौका गुंतून राहाव्यात, एवढ्यासाठी पुढची दोन वर्षं पोरांना जुन्याच बोटींतून तो पाठवत राहिला. जर्मन पाणबुड्यांवर सुमारे ४०,००० जण गेले, त्यांतले ३०,००० च्या आसपास परतले नाहीत. चारातले तीन.

आपल्या समुद्रात

जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरातही आल्या. ९ फेब्रुवारी १९४३ ला कीलहून निघालेल्या 'यू-१८०' मध्ये सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन होते, हे आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. मादागास्करजवळ एप्रिलअखेर ते रबरी होडीतून जपानी 'आय-२९' वर गेले. त्याच्या दहा दिवस आधी, नेताजी आत असतानाच, 'यू-१८०' ने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं होतं.

दुसरी घटना मार्मागोवा बंदरातली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध लागताच जर्मन व्यापारी जहाजं गोव्यात आसऱ्याला येऊन थांबली होती. त्यांतल्या 'एहरेनफेल्स' वरून पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, अशी ब्रिटिशांची खात्री झाली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या, बहुतेक मध्यमवयीन, स्वयंसेवकांनी तिच्यावर धाड घातली. जर्मनांनी जहाजं स्वतःच बुडवली. तटस्थ बंदरात घुसून केलेली ही कारवाईही नियमांत बसणारी नव्हती.

लॅकोनिया: जिथून परतीचा रस्ता बंद झाला

१२ सप्टेंबर १९४२, पश्चिम आफ्रिकेजवळ. 'यू-१५६' चा कप्तान हार्टेनस्टाइन याने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं आणि पाण्यातून इटालियन भाषेत आरोळ्या ऐकू आल्या. जहाजावर १,८०० च्या आसपास इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे जर्मनीच्याच दोस्ताची माणसं. हार्टेनस्टाइनने शत्रू-मित्र न पाहता दिसेल त्याला उचलायला सुरुवात केली. होड्या दोराने बांधून ओढत नेल्या. उघड इंग्रजीत रेडिओवर सांगितलं: मदतीला या, माझ्यावर हल्ला केला नाहीत तर मीही करणार नाही. डोनिट्झनेही तेव्हा बचावाला परवानगी दिली आणि आणखी पाणबुड्या पाठवल्या. १६ तारखेला डेकवर रेडक्रॉसचं निशाण पसरलेलं असताना अमेरिकन लिबरेटरने बॉम्ब टाकले. दोर तोडून, लोकांना पाण्यात सोडून बोटीला बुडी मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी डोनिट्झचा हुकूम निघाला: बुडालेल्या जहाजावरच्या लोकांना वाचवायचा कुठलाही प्रयत्न करायचा नाही, होड्या सरळ करायच्या नाहीत, अन्न-पाणी द्यायचं नाही, कठोर व्हा. सरकारी वकिलांचं म्हणणं, हा वाचलेल्यांना मारण्याचाच आडून दिलेला हुकूम. डोनिट्झचं म्हणणं, मी फक्त माझ्या बोटी वाचवत होतो.

न्यूरेंबर्गला नेमकं काय ठरलं?

इथे लोकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश. डोनिट्झवर तीन आरोप होते: आक्रमणाचा कट रचणं, आक्रमक युद्ध चालवणं, युद्धाचे नियम मोडणं. पहिल्यातून तो सुटला. उरलेल्या दोन्हींत दोषी ठरला.

नियमांच्या मुद्द्यावर न्यायाधीशांनी तीन भाग केले. ब्रिटिश व्यापारी जहाजांबद्दल त्यांनी त्याला दोषी धरलं नाही, कारण ब्रिटनने त्या जहाजांवर तोफा बसवल्या होत्या, पाणबुडी दिसताच रेडिओवर कळवा आणि जमलं तर तिला धडक द्या असे हुकूम दिले होते. जे जहाज पाणबुडीवर हल्ला करू शकतं आणि नौदलाचे डोळे-कान बनतं, ते निव्वळ व्यापारी राहत नाही. तटस्थ देशांच्या जहाजांबद्दल मात्र दोषी: समुद्राच्या मोठ्या पट्ट्यात 'इथे आलात तर बुडवू' असं जाहीर करून तटस्थांना न बजावता बुडवणं हा १९३६ च्या कराराचा भंग. आणि लॅकोनिया हुकुमाबद्दल: वाचलेल्यांना मारायला सांगितलं हे खात्रीने सिद्ध होत नाही, पण हुकूम संदिग्ध होता आणि कडक ताशेऱ्यांना पात्र होता.

मग आलं ते वाक्य ज्यामुळे सगळा गैरसमज झाला. डोनिट्झचा वकील ओट्टो क्रान्झब्यूलर हा नौदलाचा न्यायाधीश, कोर्टात गणवेशात यायचा. त्याने युद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख असलेल्या अॅडमिरल निमिट्झ याला लेखी प्रश्न पाठवले. उत्तर आलं की जपानविरुद्ध पहिल्या दिवसापासून अमेरिकन पाणबुड्यांनी न बजावताच जहाजं बुडवली, आणि स्वतःच्या बोटीला धोका असेल तर वाचलेल्यांना उचललं जात नसे. ब्रिटनचाही मे १९४० चा, स्कॅगेरॅकमध्ये (डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधला समुद्र) दिसेल ते जहाज बुडवा असा हुकूम पुढे आला. हे पाहून न्यायाधीशांनी लिहिलं की पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याच्या कारणावर डोनिट्झची शिक्षा ठरवलेली नाही.

शब्द बघा. दोष आहे, पण शिक्षा मोजताना तो धरलेला नाही. म्हणजे दहा वर्षं आली कुठून? आक्रमक युद्ध चालवल्याबद्दल, आणि पकडलेल्या शत्रू-कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा १९४२ चा हुकूम नौदलप्रमुख झाल्यावरही तसाच चालू ठेवल्याबद्दल. 'जहाजं बुडवली म्हणून दहा वर्षं' हे साफ चूक आहे आणि 'जहाजं बुडवण्यात काही गैर नव्हतं असं कोर्ट म्हणालं' हे त्याहून चूक.

हा जिंकणाऱ्यांचा न्याय नव्हता का?

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा आक्षेप न्यूरेंबर्गवर नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकन किंवा ब्रिटिश पाणबुडी-प्रमुखाला कुणी कोर्टात उभं केलं नाही. पण याच खटल्यात कोर्टाने स्वतःच्या बाजूच्या वर्तनाचा पुरावा घेतला आणि त्याचा फायदा आरोपीला दिला, हेही तितकंच खरं. मला खुपतं ते वेगळंच. दोन्ही बाजूंनी नियम मोडला म्हणून कोणाच्याच शिक्षेत तो मोजला गेला नाही. दोन बलवंतांची फिटंफाट झाली आणि ज्यांच्यासाठी तो नियम लिहिला होता त्या खलाशाच्या पदरात काहीच पडलं नाही.

पण तो नाझी नव्हता, नुसता सैनिक होता ना?

हे डोनिट्झ स्वतः मरेपर्यंत सांगत राहिला आणि युद्धानंतर पुष्कळांनी ते मानलं. मी मानत नाही. मार्च १९४४ च्या भाषणात त्याने 'ज्यूंचं विष' हे शब्द वापरले आहेत, ते कोर्टात वाचून दाखवले गेले. जहाजबांधणीच्या गोद्यांसाठी छळछावण्यांतले १२,००० कैदी कामाला द्यावेत, ही शिफारसही त्याचीच. हिटलरने ३० एप्रिल १९४५ ला स्वतःला संपवलं तेव्हा गोअरिंग आणि हिमलर या बड्या नाझी नेत्यांना बाजूला सारून वारस म्हणून याचं नाव उगाच घेतलं गेलं नव्हतं.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: शेवटच्या महिन्यांत नौदलाने पूर्वेकडच्या लाखो निर्वासितांना आणि जखमींना समुद्रमार्गे बाहेर काढलं. ते घडलं आणि त्याचं मोल कमी नाही. पण १० मे १९४५ ही तारीखही सांगावी लागेल. शरणागती होऊन दोन दिवस झाले होते. उत्तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गला डोनिट्झचं सरकार अजून खुर्चीत होतं. युद्ध संपलं म्हणून घरची वाट धरलेल्या तीन तरुण खलाशांना, पळून गेल्याच्या आरोपावरून, त्याच्या नौदलाने त्याच भागात एका जहाजावर गोळ्या घातल्या.

२३ मे रोजी ब्रिटिशांनी त्याला अटक केली. दहा वर्षं पुरी करून १ ऑक्टोबर १९५६ ला तो श्पान्डाऊच्या तुरुंगातून बाहेर आला आणि हांबुर्गजवळच्या आऊम्यूले गावात राहिला. २४ डिसेंबर १९८० ला तिथेच गेला, ८९ व्या वर्षी. अंत्यविधी ६ जानेवारीला झाला. सरकारने लष्करी मानवंदना नाकारली आणि सैन्यातल्या कुणीही गणवेशात जायचं नाही असं बजावलं. जुने खलाशी मोठ्या संख्येने आले, साध्या कपड्यांत, काहींच्या गळ्यात युद्धातली पदकं होती.

मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं ते आहे.